कुरुंद : खनिज, संग्रह आणि शब्द

उरणच्या द्रोणागिरीपासून पनवेलच्या कर्नाळ्यापर्यंत पसरलेल्या डोंगराळ मुलखात कुरुंद हे खनिज सापडत नाही, आणि सापडण्याचा संभवही नाही. हे विधान प्रारंभीच करणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात 'कुरुंदाचा दगड' हा शब्दप्रयोग सर्वत्र ऐकू येतो. देवळाचा चौथरा, जुनी शिवपिंडी, वाड्याची पायरी, जात्याची तळी यांचे वर्णन करताना तो सहज वापरला जातो. स्थानिक इतिहासावरील लेखनातही त्याचा आढळ विपुल आहे. अशा प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्षात जो दगड असतो तो बहुधा कठीण, घट्ट पोताचा, काळा किंवा करडा बसाल्ट असतो. बोलणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. 'कुरुंद' म्हणजे टाकीला दाद न देणारा, खरबरीत, टिकाऊ दगड, असा अर्थ मराठीत रूढ झालेला आहे. परंतु खनिजशास्त्रातील कुरुंद आणि बोलीतील कुरुंद यांच्यातील हे अंतर ध्यानात न घेता एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला, तर भूगोल आणि भाषा या दोहोंविषयीचे निष्कर्ष बिघडतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड आणि हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा ही गावे याची बोलकी उदाहरणे होत. दोन्ही गावे दख्खनच्या बसाल्टी प्रदेशात आहेत. त्यांच्या नावावरून तेथे या खनिजाची खाण असावी असा तर्क करणे म्हणजे वडगावात वड मोजून गावाचे वय ठरवण्यासारखे आहे. स्थलनाम हा इतिहासाचा पुरावा असतो, परंतु तो कोणत्या अर्थाचा पुरावा आहे हे आधी ठरवावे लागते.

खनिजशास्त्राच्या दृष्टीने कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचे संयुग. दोन अणू पहिल्याचे, तीन दुसऱ्याचे. शुद्ध रूपात दुसरे काहीही नाही. १८१२ साली मोस याने मांडलेल्या काठिण्यश्रेणीत गारेचे स्थान सातवे, पुष्करागाचे आठवे, कुरुंदाचे नववे आणि हिऱ्याचे दहावे. त्याची घनता पाण्याच्या सुमारे चौपट असते, त्यामुळे हातात घेताच तो आकाराच्या मानाने जड लागतो. स्फटिक सहा बाजूंचे, पुष्कळदा मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळते, पिंपासारखे असतात. रंग करडा, हिरवट, तपकिरी, जांभळट असा नाना प्रकारचा. क्रोमियमचा लेश असेल तर तोच स्फटिक तांबडा होऊन माणिक ठरतो. लोह व टायटॅनियम यांच्या योगाने निळा होऊन नीलम ठरतो. शिकलगाराच्या चाकातील भुकटी आणि राजमुकुटातील माणिक या एकाच खनिजाच्या दोन अवस्था होत, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात एका वाक्यात सांगून संपते. ती प्रस्थापित होण्यास मात्र बराच काळ लागला, आणि त्या काळात या खनिजाच्या नावाचाही प्रवास झाला.

कुरुंद निर्माण होण्याची अट एका वाक्यात सांगता येते : ॲल्युमिना पुष्कळ हवे आणि मोकळी सिलिका नसावी. सिलिका उपलब्ध असली की ॲल्युमिना तिच्याशी संयोग पावून फेल्स्पार, अभ्रक, कायनाइट, सिलिमनाइट अशी खनिजे बनवते. स्वतंत्र कुरुंद उरत नाही. म्हणून गार आणि कुरुंद सहसा एकाच खडकात शेजारी नांदत नाहीत. उरण-पनवेलकडील बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास सिलिका असते आणि ॲल्युमिना मुख्यतः फेल्स्पारमध्ये बांधलेले असते. तेव्हा येथे कुरुंदाला जागाच नाही. थायलंड व ऑस्ट्रेलियातील काही बसाल्टी प्रदेशांत नीलम सापडतो हे खरे. परंतु ते बसाल्ट निराळ्या, अल्कधर्मी जातीचे आहेत आणि त्यांनी तो नीलम खोलवरून उचलून आणला आहे, असे मानले जाते. दख्खनच्या सामान्य लाव्हाला ते लागू पडत नाही.

कोकणात ॲल्युमिनाची वाण मात्र नाही. श्रीवर्धनच्या बाजूस, रत्नागिरीत आणि सह्याद्रीच्या माथ्यावर कोल्हापूरकडे जांभ्याबरोबर बॉक्साइटचे थर आहेत. पावसाने सिलिका धुऊन नेली आणि ॲल्युमिना पाण्याशी संयुक्त होऊन मागे राहिले. हेच बॉक्साइट भूगर्भात खोल जाऊन तापले व दाबले गेले तर त्यातील पाणी निघून जाऊन कुरुंद होतो. ग्रीसमधील नाक्सोस बेटावरचा प्रसिद्ध एमरी दगड अशाच रीतीने बनला आहे. कोकणाच्या वाट्याला कच्चा माल आला, भट्टी आली नाही.

महाराष्ट्रात ही भट्टी शोधायची तर पूर्व विदर्भात जावे लागते. भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखनीच्या बाजूस कँब्रियनपूर्व काळातील रूपांतरित खडकांचा एक पट्टा आहे. साकोली गट या नावाने तो भूविज्ञानात ओळखला जातो. मूळच्या चिकणमातीच्या व ज्वालामुखीजन्य थरांवर उष्णता, दाब आणि भूगर्भातील द्रावांचा परिणाम होऊन येथे फायलाइट व शिस्ट तयार झाले. या पट्ट्यात कायनाइट आणि सिलिमनाइट यांची भिंगाच्या आकाराची संचिते आहेत, आणि पोहरा परिसरात त्यांच्या जोडीने कुरुंद आढळतो. दहेगाव-पिंपळगाव येथील कायनाइट त्याच कुळातला.

कायनाइट व सिलिमनाइट यांत सिलिका असतेच, मग त्यांच्या कुशीत कुरुंद कसा, असा प्रश्न विद्यार्थ्यांस पडणे स्वाभाविक आहे. सिलिमनाइटमध्ये वजनाने सुमारे ६३ टक्के ॲल्युमिना व उरलेली सिलिका असते. एखाद्या थरात ॲल्युमिनाचे प्रमाण याहूनही अधिक झाले, तर आहे तेवढी सिलिका वापरून सिलिमनाइट बनते आणि उरलेल्या ॲल्युमिनाला एकटे राहावे लागते. ते एकाकी ॲल्युमिना म्हणजे कुरुंद. म्हणून ही खनिजे वेगवेगळी असली तरी त्यांचा शोध एकत्रच घ्यावा लागतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. ए. डन यांनी १९२९ साली उत्तर भारतातील कायनाइट, सिलिमनाइट व कुरुंद यांवर एकच ग्रंथ लिहिला, त्यामागे हीच दृष्टी आहे. मध्य प्रदेशातील जुन्या रेवा संस्थानाच्या दक्षिण भागातील पिपरा येथील कुरुंदाचे वर्णन त्याच सर्वेक्षणाच्या मॅलेट यांनी १८७२ मध्ये केले होते. खासी टेकड्यांतील सोनापहार येथे सिलिमनाइट-कुरुंदाचे प्रचंड गोटे आहेत. भंडाऱ्याचे संचित या मालिकेतले आहे, जरी त्याचा बोलबाला इतरांइतका झाला नाही.

कुरुंद वेचण्याची रीत या खनिजाच्या स्वभावातूनच ठरते. भोवतालचा खडक झिजतो, कुरुंद झिजत नाही. पावसाळ्यात माती वाहून गेली की त्याचे स्फटिक शेतात, ओढ्यात, टेकडीच्या पायथ्याशी उघडे पडतात. खाण खणण्याआधी मनुष्याने हजारो वर्षे तो असाच वेचला असणार. दक्षिण भारतात तर अगदी अलीकडेपर्यंत शेतकरी पावसानंतर नांगरटीतून असे खडे गोळा करून विकत असत. हा संग्रह कपाटात मांडून ठेवण्यासाठी नव्हता. खडा फोडायचा, कुटायचा, चाळायचा आणि वितळलेल्या लाखेत कालवून त्याचे चाक बनवायचे, हे त्याचे प्रयोजन. शिकलगार तलवारी व सुऱ्या त्यावर पाजळी, रत्ने घासणारा मणिकार त्यावर खडे घडवी.

लाखेत बांधलेली भुकटी ही कल्पना किती जुनी आहे याचा एक नेमका पुरावा पाली वाङ्मयात आहे, आणि तो खनिजशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीस क्वचितच पडतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंच्या स्नानाविषयीचे नियम आहेत. तेथे काही भिक्षू 'कुरुविन्दकसुत्ति' नावाच्या साधनाने अंग घासून स्नान करीत असल्याची तक्रार येते आणि बुद्ध त्याचा निषेध करतात. पाचव्या शतकातील समन्तपासादिका या अट्ठकथेत या शब्दाचा अर्थ उलगडला आहे : कुरुविंदक नावाच्या पाषाणाचे चूर्ण लाखेने बांधून केलेल्या गोळ्यांचा समूह. शौकीन स्नानाचे ते साधन होते. तंत्राच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. नाव तेच, पाषाण तोच, आणि बंधनद्रव्यही शिकलगाराच्या चाकातले. अर्थकार ज्या सहजतेने हे सांगतो त्यावरून कुरुविंदाचे चूर्ण आणि लाख यांची जोडी त्याच्या काळी सर्वपरिचित होती असे म्हणण्यास हरकत नाही. ज्या देशात हे खनिज वेचले गेले त्या देशातील त्याचा एक जुना तपशीलवार उल्लेख मठातील स्नानगृहातून यावा, हा इतिहासाचा एक गमतीदार योग आहे.

संस्कृतातील 'कुरुविंद' या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. मोथा हे गवत, एक धान्य आणि माणिकाची एक जात हे त्यांतले प्रमुख. रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत कुरुविंद हे बहुधा हलक्या प्रतीच्या माणकाचे नाव आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत पद्मरागाची उत्पत्ती सौगंधिक, कुरुविंद व स्फटिक यांपासून होते असे म्हटले आहे. यावरून आपल्या पूर्वजांस माणिक व घासण्याचा कुरुंद यांचे ऐक्य ठाऊक होते, असे विधान अधूनमधून केले जाते. त्यात अर्धे तथ्य आहे. एकच नाव दोन्हींस लावले गेले, याचा अर्थ ज्यांच्या हातून हे दोन्ही दगड जात त्यांना त्यांचे नाते जाणवले होते. परंतु त्याच वाक्यात वराहमिहिर स्फटिकालाही माणकाचे जन्मस्थान ठरवतो, आणि स्फटिक म्हणजे गार ही सर्वस्वी निराळी वस्तू. तेव्हा हे ज्ञान वर्णाचे, तेजाचे व अनुभवाचे होते. खनिजाच्या घटकांचे नव्हते. नावातला साक्षात्कार आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष यांना एका पंक्तीस बसवले की दोहोंचा अपमान होतो.

मराठी 'कुरुंद' हा शब्द कोणत्या वाटेने आला? संस्कृत 'कुरुविंद' पासून स्वरांमधील वकाराचा लोप होऊन आणि स्वर एकवटून 'कुरुंद' होणे प्राकृताच्या नियमांत बसते. 'देवकुल' चे 'देऊळ' होताना मधली व्यंजने अशीच गळाली आहेत. परंतु तमिळ, तेलुगू आणि कन्नड या शेजारच्या द्राविडी भाषांतही हा शब्द 'कुरुंदम्', 'कुरुविंदम्', 'कुरुंद' अशा रूपांत आहे, आणि तमिळमध्ये 'कुरु' या शब्दाचा तेज, वर्ण, विशेषतः तांबूस वर्ण, असा अर्थ होतो. संस्कृतात या शब्दाची समाधानकारक व्युत्पत्ती लागत नाही. द्राविडीत ती लागण्याजोगी आहे. शिवाय हे खनिज विपुल आहे ते दक्षिणेत. ज्या प्रदेशात वस्तू निपजते त्या प्रदेशाच्या भाषेतून तिचे नाव बाहेर जाते, हा सर्वसाधारण अनुभव येथेही लागू करणे युक्त ठरते. संस्कृताने दक्षिणेकडून घेतलेला शब्द प्राकृतातून मराठीत उतरला असो, की मराठीने तो कारागिरांच्या तोंडून थेट शेजाऱ्यांकडून घेतला असो, त्याचे माहेर दक्षिणेतच पडते. ज्या 'सहाण' शब्दाची त्याच्याशी सदैव सोबत, तो मात्र संस्कृत 'शाण' चे सरळ अपत्य आहे.

युरोपियनांच्या कानी हा शब्द प्रथम गेला तोही कारागिरांच्या तोंडूनच. फ्रेंच प्रवासी तेव्हनो १६६६-६७ मध्ये गोवळकोंड्याच्या राज्यातून गेला. तेथे एक पांढरा एमरी मिळतो आणि तेलंगी भाषेत त्याला 'कोरिंद' म्हणतात, अशी त्याने नोंद केली. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी लंडनचा संग्राहक जॉन वुडवर्ड याच्या परदेशी खनिजांच्या यादीत मद्रासकडून आलेले दोन नमुने दिसतात : 'नेल्ला कोरिविंदम' आणि 'तेल्ला कोरिविंदम'. पहिल्याविषयी यादीत असे म्हटले आहे की तो भाताच्या शेतात सापडतो, उंदीर बिळे खणताना तो वर टाकतात आणि लोखंड घासण्यास तो उपयोगी पडतो. दुसरा रत्ने घासण्यास वापरतात.

भाताच्या शेताचा हा उल्लेख 'नेल' म्हणजे भात या तमिळ शब्दावरून सुचलेला दिसतो. पण दोन्ही नावे शेजारी ठेवून वाचली की निराळाच अर्थ समोर येतो. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळा आणि 'तेल्ल' म्हणजे पांढरा. काळा कुरुंद व पांढरा कुरुंद अशी ही कारागिरांची साधी जोडी असावी. लोखंडासाठी एक, रत्नांसाठी दुसरा. तेव्हनोने तेलंगणात ऐकलेला 'पांढरा एमरी' या वाचनास पुष्टी देतो. पत्र पाठवणाऱ्याने तेलुगू शब्द तमिळ कानांनी ऐकला आणि त्याला भाताचे शेत चिकटवले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. भाताच्या शेतात पावसानंतर कुरुंद सापडतो ही गोष्ट स्वतंत्रपणे खरी असल्यामुळे हा गैरसमज कुणाच्या लक्षात आला नाही. नमुना लंडनला सुखरूप पोहोचला. त्याच्या नावातील भेद मात्र वाटेतच हरवला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे खनिज पुन्हा युरोपात पोहोचले. मद्रासचे डॉ. अँडरसन यांनी एडिंबरोचा मुद्रा कोरणारा कारागीर विल्यम बेरी याच्याकडे स्फटिकांची एक पेटी पाठवली. भारतीय लोक हिरा सोडून इतर सर्व रत्ने याच दगडाने घासतात, अशी माहिती सोबत होती. बेरीला आपल्या कामासाठी हिऱ्याची पूडच अधिक सोयीची वाटली आणि ते स्फटिक कुतूहलाची वस्तू म्हणून पडून राहिले. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने त्यांचे काठिण्य पाहून त्यांना एक नवे, भारदस्त ग्रीक वळणाचे नाव दिले. त्याचा आशय 'वज्रस्पार' असा. जर्मनीत क्लाप्रोट याने पृथक्करण करून त्यात एक अज्ञात मृत्तिका असल्याचे जाहीर केले, आणि पुढे स्वतःच ते मागे घेऊन हा पदार्थ मुख्यत्वे ॲल्युमिना असल्याचे दाखवले. हे पृथक्करण सोपे नव्हते. अकीकाच्या खलात कुरुंद घोटला तर कुरुंदाऐवजी खलच झिजतो आणि खलाची सिलिका हिशेबात शिरते.

या सगळ्या धडपडीला शिस्त लावली ती चार्ल्स ग्रेव्हिल (१७४९–१८०९) याने. 'आशियातील कुरुंद दगड' या विषयावरचा त्याचा निबंध १७९८ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ग्रेव्हिल हा हौशी संग्राहक होता, पण त्याच्या हौसेला पद्धत होती. कर्नल कॅथकार्ट याच्याकडून त्याने दगडाबरोबर त्याचे देशी नावही मिळवले, आणि 'वज्रस्पार' बाजूला सारून तेच नाव स्वीकारले. दुसरे असे की, सुट्या स्फटिकांवर त्याचे समाधान झाले नाही. हे स्फटिक कोणत्या खडकात असतात हे त्याला पाहायचे होते. त्यासाठी त्याने भारतातील परिचितांकडे पत्रांमागून पत्रे पाठवली. अखेर गॅरो नावाच्या अधिकाऱ्याने परमती, म्हणजे आजच्या तमिळनाडूतील नामक्कल जिल्ह्याच्या परिसरातील, डोंगरावरच्या खाणीस भेट देऊन वृत्तांत व नमुने पाठवले.

कारागिराचा संग्रह आणि शास्त्रज्ञाचा संग्रह यांतील फरक येथे स्पष्ट होतो. कारागीर स्फटिक ठेवतो आणि खडक फेकून देतो, कारण खडक त्याच्या चाकाला निरुपयोगी असतो. शास्त्रज्ञाला खडकच हवा असतो, कारण जन्मकथा त्यात लिहिलेली असते. शतकानुशतके बाजारात आलेला प्रत्येक खडा आपल्या जन्मखूण पुसून आला होता. ग्रेव्हिलने मागवलेल्या त्या फेकून द्यायच्या खडकाची परीक्षा काउंट द बूर्नों याने केली आणि १८०२ साली त्यातील फेल्स्पारसदृश पांढऱ्या खनिजास 'इंडियानाइट' असे नाव दिले. ते पुढे अनॉर्थाइटचाच प्रकार ठरले. हा फेल्स्पार सिलिकेने दरिद्री व ॲल्युमिनाने संपन्न. म्हणून त्याच्या पोटी कुरुंद जन्मला. बूर्नोंने स्फटिकांचे कोन मोजून माणिक, नीलम व कुरुंद यांचे ऐक्यही याच काळात मांडले. फ्रान्समध्ये आउई याने रत्नांना 'टेलेसी' व घासण्याच्या दगडाला 'कोरिंदों' अशी दोन निराळी नावे दिली होती. ती भिंत पुढे पडली.

नामक्कलजवळच्या सित्तंपुंडी परिसरातील तो अनॉर्थोसाइट खडक भूविज्ञानात पुढे प्रसिद्ध झाला. चंद्रावरील उंच प्रदेशांचा खडक अशाच जातीचा असल्यामुळे, २०१९ च्या चांद्रयान-२ मोहिमेपूर्वी अवतरण-यान व फिरत्या गाडीच्या चाचण्यांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सित्तंपुंडी आणि कुन्नमलै येथील खडकापासून कृत्रिम चांद्रमाती तयार केली. ज्या दगडाला शिकलगाराच्या लेखी काडीची किंमत नव्हती, त्याचे हे दुसरे आयुष्य होय. ग्रेव्हिलच्या मृत्यूनंतर १८१० साली त्याचा सुमारे १४,८०० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयासाठी १३,७२७ पौंडांस विकत घेण्यात आला. त्या कपाटांबरोबर 'कोरंडम' हे नावही कायमचे शास्त्राच्या मालकीचे झाले.

मराठी मुलखात अशी दृष्टी घेऊन आलेला संग्राहक म्हणजे स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३). मिशनरी म्हणून तो १८४५ मध्ये नागपुरास आला. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर व जीवाश्मांवर जे लेखन केले, त्याने विदर्भाचा खडक जागतिक चर्चेत आला. हाच मनुष्य गोंडी गीते, कथा व शब्दही गोळा करीत होता. १८६३ साली नदी ओलांडताना तो बुडाला. त्याची जमातींविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. दगड आणि शब्द एकाच वहीत नोंदणारा संग्राहक विदर्भास लाभला होता, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये. पुढील काळात सर्वेक्षण शास्त्रशुद्ध झाले, नकाशे बारीक झाले, आणि 'स्थानिक नाव' हा रकाना मात्र बहुधा कोराच राहू लागला.

१८९८ मध्ये टी. एच. हॉलंड यांनी भारतातील कुरुंदावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तेव्हा या खनिजाचे व्यापारी दिवस भरत आले होते. अमेरिकेत ॲचिसन याने १८९० च्या दशकाच्या प्रारंभी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले. ते कार्बन व ॲल्युमिना यांचे संयुग आहे अशी समजूत करून घेऊन त्याने 'कार्बन' आणि 'कोरंडम' यांची सांगड घातली आणि 'कार्बोरंडम' हे नाव बनवले. रसायन चुकले, नाव टिकले. लवकरच बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही कारखान्यात निघू लागला, आणि १९०२ मध्ये व्हर्नॉय याने कृत्रिम माणकाची कृती जाहीर केली. टेकडीवरचा खडा वेचण्याचे कारण उरले नाही. भंडाऱ्याच्या पट्ट्यात पुढे लक्ष वेधले ते कायनाइट-सिलिमनाइटने, कारण पोलादाच्या भट्ट्यांना लागणाऱ्या उष्णतारोधक विटांसाठी ती खनिजे हवी होती. कुरुंद त्यांच्या सोबतचा गौण सोबती ठरला.

परिभाषेचा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो. मराठी विश्वकोशात या खनिजाची नोंद 'कुरुविंद' या शीर्षकाखाली आहे. महाविद्यालयीन लेखनात 'कोरंडम' सर्रास वापरले जाते. पहिला शब्द संस्कृताच्या दारातून आला, दुसरा इंग्रजीच्या. 'कुरुंद' हा मराठीच्या तोंडचा शब्द दोहोंच्या मध्ये उभा आहे. परिभाषाकारांची अडचण समजण्याजोगी आहे : बोलीत 'कुरुंद' बसाल्टलाही लागतो, मग त्याला शास्त्रीय अर्थ कसा द्यावा? परंतु 'कुरुविंद' ची अडचण त्याहून मोठी आहे. त्याला मोथा, धान्य आणि हलके माणिक असे प्राचीन अर्थ आधीच चिकटलेले आहेत. रत्नपरीक्षेच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर वाचणारा विद्यार्थी 'कुरुविंद' या शब्दापाशी खनिजशास्त्राची व्याख्या घेऊन आला, तर वराहमिहिराच्या तोंडी तो स्वतःचे रसायन घालील. बोलीतील सैलपणा क्षेत्रकार्यात एका प्रश्नाने दूर होतो. ग्रंथातील घोटाळा पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालतो.

म्हणून खनिजासाठी 'कुरुंद' आणि प्राचीन ग्रंथांतील अर्थासाठी 'कुरुविंद' अशी विभागणी करणे इष्ट आहे. भंडारा जिल्ह्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी नमुन्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव व खडकाचा प्रकार यांच्या जोडीला तो दगड तेथील मराठी आणि गोंडी बोलणारे लोक कोणत्या नावाने ओळखतात, आणि तेच नाव आणखी कोणत्या दगडास लावतात, हेही लिहावे. काळा व पांढरा कुरुंद यांचा तेलुगू भेद लंडनच्या यादीत ज्या एका ओळीअभावी भाताचे शेत होऊन बसला, ती ओळ हीच.